एकमताने मंजूर

रजा संपवून कामावर गेलो त्या सकाळी मी आधी गोडाऊनमध्ये डोकावलो, आणि तिथे रचलेली खोकी पाहून दारातच थबकलो. झाडून सगळ्या खोक्यांना स्टिकर बाजूला लावलेलं होतं.

म्हणजे मी जिंकलो होतो. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

हे कळायला थोडं सांगावं लागेल. आमची कंपनी वजनकाटे बनवते. किराणा दुकानातले, दवाखान्यातले, टपालातले, सगळे. काटा तयार झाला की स्टोअरच्या गोडाऊनमध्ये जातो आणि तिथून माझ्या रवानगी विभागातून बाहेर पडतो. आत कुठला काटा आहे ते सांगणारं एक स्टिकर खोक्यावर लागतं. ते खोक्याच्या वर लावावं, असं स्टोअरवाल्यांचं म्हणणं. बाजूला लावावं, असं माझं. खोकी एकावर एक रचली की वरचं स्टिकर दिसत नाही, हे लहान मुलालाही कळेल. बाजूचं स्टिकर गाडीत घासून फाटतं, हेही लहान मुलाला कळेल, असं स्टोअरवाले म्हणायचे. लहान मूल दोघांच्याही बाजूने असल्यामुळे निकाल लागत नव्हता. दर सोमवारच्या मीटिंगला हा मुद्दा निघायचा, आवाज चढायचे, साहेब पेन्सिल टेबलावर आपटायचे आणि मुद्दा पुढच्या सोमवारवर ढकलायचे. मधल्या काळात साहेब बदलले, पेन्सिली बदलल्या, मुद्दा तोच राहिला.

संध्याकाळी घरी आलो की मी हे भांडण आमच्या हिला सांगायचो. ते काय बोलले, मी काय बोललो, आणि मला तिथे सुचलं नाही पण जिना उतरताना सुचलं तेही. ही भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "अहो, मग दोन्हीकडे लावा की."

यावर मी तिला समजवायचो, की तुला मीटिंग म्हणजे काय ते माहीत नाही. दोन्हीकडे लावलं तर सोमवारी बोलायचं काय?

ही गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही, मला तसं लिहिता येत नाही. घर शांत झालं. ते होणारच होतं, त्याची तयारी लोकांनी माझ्याकडून करून घेतली होती. ऑफिसही शांत होईल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मी आत शिरलो की चाललेलं हसणं बंद व्हायचं. एखाद्या खोलीत हात न लावता दिवा विझवता यावा, तसं मला ते जमायला लागलं. मग एकेक जण मान एका बाजूला कलती करून विचारायचा, "कसे आहात?" मी "बरा आहे" म्हटलं की मान आणखी कलायची. हिशेब विभागाच्या बाई तर इतकी मान कलवायच्या, की त्यांच्याशी बोलताना मलाही थोडं वाकावं लागायचं. चहावाल्या मावशी माझ्या कपात न विचारता जास्त साखर घालू लागल्या. दुःखात साखर लागते असं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

आणि मीटिंग! पहिल्याच सोमवारी मी एका गावाचा माल चुकून भलत्याच गावाला पाठवल्याचं सांगितलं. पूर्वी एवढ्यावर मला सोलून काढला असता. साहेब म्हणाले, "होतं असं कधी कधी." हिशेबवाल्या बाई म्हणाल्या, "त्या गावालाही काटे लागतच असतील." मी आशेने स्टोअरवाल्यांकडे पाहिलं. हा गृहस्थ नाकात बोलतो, नेहमी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतो आणि माझी चूक सापडली की दिवसभर खुशीत असतो. ते खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत होते.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"माझं?" ते म्हणाले. "माझं काही नाही. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! अख्ख्या नोकरीत मी हे तीन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. आता ऐकले तर जेवणच जाईना.

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त बँकवाले काका राहतात. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मी त्यांना माझी अडचण सांगितली. खरं तर त्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली. मी कुलूप उघडत होतो आणि ते चपला शोधण्याचं निमित्त करून बाहेर आले होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं, कुणी तुमच्याशी भांडत नाही?" काका म्हणाले. "अहो, लोक यासाठी नवस करतात!"

"तसं नाही हो काका. माझ्याशी बोलतात, पण जपून बोलतात. काचेचं सामान असल्यासारखं."

"मग तुम्ही फार शहाण्यासारखं बोलत असाल तिथे. काहीतरी अचाट मांडा. असं, की दगडसुद्धा उठून नाही म्हणेल. एकदा कुणी नाही म्हटलं की गाडी रुळावर आली."

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. "भावजी, तुम्ही सकाळी चालायला जात जा," त्या म्हणाल्या. या वहिनींचा चालण्यावर फार विश्वास आहे. आमचा नळ गळत होता तेव्हाही त्यांनी मला हेच सांगितलं होतं.

लेकीचा फोन आला. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, चांगली माणसं आहेत म्हणून अशी वागतात."

"चांगलीच आहेत गं. तोच तर त्रास आहे."

"मग सोडा ना नोकरी. या आमच्याकडे. राहिलंय काय आता तिथे?"

"बघतो," मी म्हणालो. आणि मी खरंच बघत होतो. घरात "तुमचं चुकलं" म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. ऑफिसातही उरलं नसेल, तर सोमवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचं कशाला? मी मनाशी ठरवलं. काकांचा उपाय करून पाहायचा. त्यानेही कुणी नाही म्हटलं नाही, तर राजीनामा लिहायचा आणि लेकीकडे जाऊन नातवाशी भांडायचं. तो भांडखोर आहे, असं ऐकून होतो.

सुरुवात मी बेताने केली. पुढच्या मीटिंगला म्हणालो, "मीटिंगमध्ये बिस्किटं देणं बंद करावं. कामात लक्ष लागत नाही."

हे मी हिशेबवाल्या बाईंवर नेम धरून बोललो होतो. त्या बिस्किट चहात बुडवून ते पडायच्या आत तोंडात घालण्यात इतक्या तरबेज आहेत, की नवीन माणसं काम सोडून पाहत राहतात. बाईंच्या हातात त्या क्षणी बिस्किट होतं. त्यांनी ते हळूच बशीत ठेवलं, माझ्याकडे पाहून मान कलती केली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले. सगळे हात वर झाले. मीटिंगचा वृत्तांत लिहिणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही इतिवृत्त म्हणतो. ते लिहिता लिहिता पुटपुटले, "एकमताने मंजूर."

त्या संध्याकाळी बाई जिन्यात एकट्याच उभ्या राहून पर्समधलं बिस्किट खाताना मला दिसल्या. मला फार वाईट वाटलं. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी माघार घेतली असती तर तीही एकमताने मंजूर झाली असती.

मग मी हुकमाचं पान काढलं. स्टोअरवाल्यांचं गोडाऊन ही जागा कुणाच्या बापाची नाही, त्यांची आहे. तिथे ते साहेबांनाही पाय पुसून या म्हणतात. आत कुणी मोठ्याने बोललेलं त्यांना खपत नाही, कारण जुळवून ठेवलेले काटे बिघडतात, असं ते सांगतात. तर पुढच्या सोमवारी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझी अशी सूचना आहे, की यापुढे ही मीटिंग गोडाऊनमध्ये घ्यावी. दर आठवड्याला. म्हणजे माल डोळ्यासमोर राहील. आणि हे टेबल तिकडे न्यावं."

हे टेबल म्हणजे अख्खं एक झाड आहे. लांब, अंडाकृती, जाड पायांचं. ते या खोलीत कसं आलं, हे कुणाला माहीत नाही. मी सूचना केली आणि स्टोअरवाल्यांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. नाकपुड्या फुलल्या. आता, मी मनात म्हणालो. आता येतंय.

"चालेल," ते म्हणाले. "जागा करून देतो."

सगळे हात वर झाले. सगळ्यात आधी त्यांचा.

साहेब तर खूश झाले. ते नुकतेच कामाच्या ठिकाणचा संवाद या विषयावरचं शिबिर करून आले होते आणि त्यातलं काहीतरी आमच्यावर करून पाहण्यासाठी त्यांचे हात शिवशिवत होते. "उत्तम!" ते म्हणाले. "आणि ऐका, हमाल बोलवायचे नाहीत. टेबल आपण सगळ्यांनी मिळून उचलायचं. एकत्र वजन उचललं की माणसं जवळ येतात."

यात किती तथ्य आहे ते पुढे कळलंच. माणसं इतकी जवळ आली, की सुताराला बोलवावं लागलं.

पण माझी एक आशा अजून शिल्लक होती. आमचे प्रशासनवाले. या माणसाने एका पंख्याला शेजारच्या खोलीत जाण्याची परवानगी देईपर्यंत उन्हाळा संपवला होता. हा माणूस टेबल सोडणार नाही, अशी माझी खात्री होती. मी अर्ज घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसलो.

"हे टेबल पहिल्या मजल्याचं आहे," ते म्हणाले. "तळमजल्यावर जाता येणार नाही."

"टेबलाला मजला असतो?"

"प्रत्येक वस्तूला मजला असतो. त्याची बदली करावी लागते."

"फारच अवघड असेल ना?" मी आनंद लपवत विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांची मान हळूहळू कलती झाली. मी घाबरलो.

"अवघड आहे," ते म्हणाले, "पण तुमच्यासाठी म्हणून करू. वस्तूंच्या बदलीचा छापील कागद संपलाय, माणसांचा आहे. त्यावर चालवून घेऊ."

माणसांच्या कागदावर बदलीचं कारण विचारलेलं असतं: विनंती, गैरसोय की शिक्षा. आम्ही विनंतीवर खूण केली. टेबलाचा स्वभाव कसा आहे, या रकान्यात त्यांनी 'शांत' लिहिलं. टेबलाच्या वतीने मी सही केली. एका दुपारात काम झालं. मी हिरमुसून बाहेर आलो. आता सरळ राजीनामाच लिहावा असं वाटलं, पण टेबलाची बदली करून आपण राजीनामा देणं मला बरं दिसेना.

सुतार येऊन टेबल पाहून गेला. टेबलाभोवती एक फेरी मारून, खाली वाकून पाहून तो म्हणाला, "पाय काही निघत नाहीत. पण काळजी करू नका. आत आलंय म्हणजे बाहेर जाणारच."

हे म्हणणं सगळ्यांना पटलं. आजही त्यातली चूक मला नेमकी सांगता येत नाही. टेबल खोलीच्या दारातून व्यवस्थित बाहेर पडलं. जिन्याबद्दल सुतार काही बोलला नव्हता.

सोमवारी सकाळी आम्ही उचललं. वरच्या बाजूला साहेब, हिशेबवाल्या बाई आणि प्रशासनवाले. खालच्या बाजूला मी, इतिवृत्त आणि सगळ्यात पुढे, उलटं चालत, स्टोअरवाले. त्यांच्या एका हातात जेवणाचा डबा होता, कारण तो ते कुणाकडे देत नाहीत.

"तुम्ही नका उचलू," बाई वरून मला म्हणाल्या.

"का?"

"नाही... म्हणजे... तुम्ही नुसता हात लावा."

मी ईर्ष्येने सगळ्यात जास्त जोर लावला. आम्ही जन्मभर वजनकाटे बनवणारी माणसं, पण या टेबलाचं वजन करून पाहावं हे एकालाही सुचलं नव्हतं. जिन्याच्या वळणावर ते अडकलं. एक टोक कठड्याला, एक भिंतीला, आणि मधला फुगवटा आमच्या छातीला. वर जाईना, खाली येईना. वरची माणसं वर, खालची खाली, आणि मध्ये तिरपं टेबल.

साहेबांनी शिबिरात शिकवल्याप्रमाणे सगळ्यांना एकदम श्वास घ्यायला लावला. श्वास घेऊन झाला, टेबल तिथेच. आणि मग मोकळ्या हातावरच्या घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "मीटिंगची वेळ झाली."

प्रशासनवाले एका हाताने सुताराला फोन लावत होते.

"तसं पाहिलं तर टेबल आहे," साहेब म्हणाले. "आपण सगळे टेबलाभोवतीच आहोत. सुतार येईपर्यंत वेळ कशाला घालवा?"

आणि मीटिंग सुरू झाली! इतिवृत्तांनी एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने वही टेबलाच्या उतारावर ठेवली. ती घसरून त्यांच्या हनुवटीशी आली, तशी त्यांनी ती हनुवटीनेच धरली. साहेबांनी वरून, खिशातल्या प्रतीतून, मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचला. बाईंनी हिशेब सांगितला, तो आम्हाला खाली अर्धाच ऐकू आला, पण त्यावर कुणाची तक्रार नव्हती. चहावाल्या मावशी खालून चहा घेऊन आल्या, टेबलाचा पाय पाहून थबकल्या आणि पायरीवर बसून वाट पाहू लागल्या.

माझा हात भरून आला होता. मला दिसत होतं, की टेबल जरासं डावीकडे घेतलं तर सुटेल. मी म्हणालो, "साहेब, माझी एक सूचना आहे. टेबल थोडं डावीकडे घ्यावं."

"उत्तम सूचना," साहेब म्हणाले. "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

आता इतक्या आठवड्यांची सवय. माझी सूचना म्हटली की हात वर. कुणी विचार करत नव्हतं, थांबत नव्हतं. सगळ्यांनी हात वर केले.

सगळ्यांनी. दोन्ही.

टेबल सुटलं. डावीकडे नाही, खाली. एक पायरी, दुसरी पायरी, आणि धाडकन भिंतीला जाऊन टेकलं. भिंत आणि टेबल यांच्या मध्ये स्टोअरवाले होते. टेबलाची कड त्यांच्या पोटाशी येऊन थांबली होती. टेबल येताना पाहून त्यांनी डबा पोटाशी धरला होता म्हणून ते वाचले. डब्याचा पापड झाला होता.

जिन्यात इतकी शांतता पसरली, की घरची आठवण झाली.

"लागलं का हो?" मी विचारलं.

स्टोअरवाल्यांचे कान लाल झाले. घाटी वर गेली, खाली आली. आणि मग तो नाकातला आवाज अख्ख्या जिन्यात घुमला.

"अक्कल आहे का तुम्हाला? अक्कल? डावीकडे घ्या म्हणे! डावीकडे कुणाच्या? तुमच्या डावीकडे की माझ्या? मी उलटा चालतोय, दिसत नाही? आणि मुळात हे खूळ काढलं कुणी? गोडाऊनमध्ये मीटिंग! तिथे मी शिंकताना बाहेर जातो, आणि तुम्ही हे सगळं लटांबर घेऊन बसणार? बिस्किटांचे तुकडे सांडणार?"

"बिस्किटं बंद आहेत," इतिवृत्त म्हणाले.

"तेही यांनीच केलं! हा माणूस उद्या म्हणेल गच्चीवरून उड्या मारा, तर तुम्ही हात वर करून माराल! आणि ती स्टिकरं! बाजूला लावलेली निम्मी स्टिकरं फाटून परत आलीत! दवाखान्याचे काटे किराणा दुकानात गेलेत! लोक लहान बाळांना किराणाच्या काट्यावर जोखताहेत!"

"अहो!" बाई वरून कळवळून म्हणाल्या. "असं काय बोलता त्यांना! आत्ता कुठे ते जरा..."

"आपलं ठरलं होतं ना!" साहेब म्हणाले.

"काय ठरलं होतं?" मी विचारलं.

साहेब कठड्याकडे बघायला लागले. प्रशासनवाले मान कलती करायला गेले, पण टेबलामुळे जमलं नाही.

"तुम्ही रजेवर होतात तेव्हा एक मीटिंग घेतली होती," शेवटी बाई म्हणाल्या. "तुम्ही परत आलात की तुम्हाला कुणी दुखवायचं नाही, विरोध करायचा नाही, असं ठरलं. तुमच्या भल्यासाठीच हो."

माझ्यावर मीटिंग झाली होती आणि मला बोलावलं नव्हतं! माणसाच्या मानाला याहून मोठा धक्का असेल असं मला वाटत नाही. मी एकही मीटिंग चुकवत नाही. मी एक चुकवली, तर ती माझ्यावर.

"आणि हे एकमताने मंजूर झालं असेल," मी म्हणालो.

"एकमताने," इतिवृत्त हनुवटीखाली वही धरून म्हणाले.

"एकमताने नाही!" भिंतीजवळून आवाज आला. "मी विरोध केला होता. मी म्हटलं होतं, या माणसाशी भांडणं बंद करू नका, हा घरी बसेल. यांनी लिहूनच घेतलं नाही!"

"साहेब म्हणाले, या वेळी तरी एकमताने असू दे," इतिवृत्त म्हणाले.

मी टेबलाच्या कडेवरून स्टोअरवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टावर डाळ सांडली होती.

"मग स्टिकरं कशाला बाजूला लावलीत?" मी विचारलं. माझा आवाज थोडा चढला होता.

"लावली!" ते ओरडले. "तुमच्या घरी असं झालं. मी काय करणार होतो? मला बोलता येत नाही तसलं. भेटायला आलो तेव्हा तासभर बसलो आणि पंख्याबद्दल बोलून गेलो. मग म्हटलं, निदान स्टिकर तरी त्यांच्या मनासारखं लावू. दातओठ खात लावली एकेक!"

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण मलाही तसलं बोलता येत नाही. मी म्हणालो, "मग उगाच लावलीत. सरळ लावायला तरी शिका! निम्मी तिरकी आहेत!"

"तिरकी? कुठे तिरकी?"

"सगळीकडे! लहान मुलालाही दिसेल!"

"आणि वर लावली होती तेव्हा? तेव्हा सरळ होती ना?"

"सरळ असतील! दिसत कुठे होती?"

"फाटत तरी नव्हती!"

खाली पायरीवर चहावाल्या मावशी उठल्या. "भांडण लागलं वाटतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. चहा गार झाला, दुसरा आणते." आणि जाता जाता वळून मला म्हणाल्या, "साखर नेहमीचीच घालते आता."

सुतार आला तेव्हा आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंनी बोटं नाचवत होतो आणि वर साहेब पेन्सिल शोधत होते. सुताराने टेबल पाहिलं आणि म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, बाहेर निघेल?" मग आम्ही सगळ्यांनी टेबल पुन्हा वर ढकललं. खाली येताना जे तासभर अडलं होतं ते वर जाताना बरं गेलं. फक्त एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. तो स्टोअरवाल्यांच्या मते माझ्यामुळे उडाला, आणि माझ्या मते भिंतीमुळे.

टेबल पुन्हा पहिल्या मजल्याच्या नावावर करून घ्यायला मी प्रशासनवाल्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, मान सरळ ठेवली आणि म्हणाले, "नुकतीच बदली झालेल्याला लगेच दुसरी बदली मिळत नाही. नियम आहे."

"अहो, ते टेबल आहे."

"कागद माणसाचा आहे."

मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला आणि हरलो. कागदोपत्री ते टेबल आजही गोडाऊनमध्ये आहे. बाहेर आलो तेव्हा मी शीळ घालत होतो. शीळ घालायची सवय हिने मोडली होती, पण तेवढी एकदा घातली.

त्या संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, की एवढ्यात येत नाही, फार काम आहे. "कसलं काम?" तिने विचारलं. मी म्हणालो, "स्टिकरचं." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "दोन्हीकडे लावा म्हणावं," ती म्हणाली. आईचंच तोंड आहे तिचं.

पुढच्या सोमवारी मीटिंग वर, जुन्या खोलीत झाली. बिस्किटं परत आली होती. बाईंनी तशी सूचना मांडली, मी विरोध केला, आणि सगळ्यांनी मला पाडलं. मग स्टिकरचा मुद्दा निघाला. आवाज चढले. साहेबांनी पेन्सिल आपटली. आता ते पुढच्या मीटिंगवर ढकलणार, इतक्यात मी म्हणालो, "थांबा. आणखी एक सूचना आहे. माझी नाही."

"मग कुणाची?"

"आमच्या हिची होती. तिचं म्हणणं, दोन्हीकडे लावा."

हिचं नाव त्या खोलीत इतक्या दिवसांत कुणी काढलं नव्हतं. बाईंचं बिस्किट चहात पडलं. सगळे स्टोअरवाल्यांकडे पाहू लागले. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

"वहिनींना नमस्कार," ते म्हणाले. "बाई शहाणी होती. पण मग सोमवारी आपण बोलायचं काय?"

आणि ते हसले. मग बाई हसल्या, साहेब हसले, आणि मीही हसलो. मी आत असताना ती खोली पुन्हा हसली.

"मतदान घेऊ," साहेब डोळे पुसत म्हणाले. "या सूचनेच्या विरोधात कोण?"

सगळे हात वर झाले. सगळ्यात आधी माझा.

"एकमताने नामंजूर," इतिवृत्तांनी लिहिलं.

ही तिकडे कपाळाला हात लावून बसली असेल. मी त्या दुपारी डबा पुसून खाल्ला.